बऱ्या काळाची साक्ष

वृषाली देशमाने बरी झाली असं सगळ्यांचं ठरलं, त्या दिवशी तिच्या नणंदेने शिरा केला. साजूक तुपातला, केळं घातलेला, वर बेदाणे. "घे, देवाला नंतर दाखवते, आधी तू खा," म्हणत सुरेखाताईंनी वाटी तिच्या हातात दिली आणि तिच्या तोंडाकडे कौतुकाने बघत बसल्या. वृषालीने चमचाभर खाल्ला.

"छान झालाय," ती म्हणाली.

सुरेखाताईंनी डोळ्यांना पदर लावला. "आली गं बाई आमची वृषाली परत!"

परत आलेली वृषाली शिरा संपवून उठली, वाटी घासून पालथी घातली आणि ओटा पुसायला लागली. बाहेरच्या खोलीत जयवंत, तिचा नवरा, फोनवर तिची रेष बघत होता. रेष हिरवी होती. साखर कारखान्यात उभा जन्म केमिस्ट म्हणून काढलेला माणूस. काचेच्या नळीतला आकडा बरोबर आला की त्याला बरं वाटायचं. त्याने समाधानाने फोन खिशात घातला.

खुशाल आनंद मानावा अशीच ती गोष्ट होती. मागच्या थंडीत वृषालीने अंथरूण धरलं होतं. ताप नाही, खोकला नाही. कन्याशाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली, घर आणि शाळा दोन्ही तोंडातून ब्र न काढता सांभाळलेली बाई, एका सकाळी उठलीच नाही. उठवलं तर बसायची, बसवलं की पुन्हा आडवी. अंघोळ नको, वेणी नको. घास तोंडात तसाच राहायचा, गिळायचं विसरल्यासारखा. सुरेखाताईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारी म्हणाले, रिटायर झाल्यावर होतं असं. कुणी जुनं दुखणं उकरलं, मूलबाळ नाही ना, ते आता उतारवयात बाहेर आलं. वृषालीला यातलं काहीच खरं किंवा खोटं वाटत नव्हतं. सकाळी जाग यायची तेव्हा जाग आल्याचं वाईट वाटायचं, एवढंच तिला कळायचं. एकदा हे तिने जयवंतला सांगितलं. त्याच दिवशी त्याने तिला दवाखान्यात नेलं.

तिथे समतोलक होता.

आता समतोलक कुणाला नवा नाही, गावोगाव झालाय. तेव्हा कऱ्हाडात नुकताच आला होता. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, कानामागे कातडीखाली बसवायचं. ते मेंदूतल्या विजेच्या लहरी ऐकतं, झोप मोजतं, आवाजातला चढउतार पकडतं, रक्तातली ताणाची द्रव्यं तपासतं. माणूस घसरायला लागला की विजेचा एक बारीकसा ठोका देतं आणि त्याला पुन्हा त्याच्या जागेवर आणून बसवतं.

पण त्याची जागा कुठली? सगळं अडायचं ते इथेच. आधीच्या यंत्रांनी हजारो माणसांची सरासरी काढली आणि त्या मापाने सगळ्यांना मोजलं. मग जात्याच कमी बोलणाऱ्यांना उगाच औषधं मिळाली, आणि हसत-बोलत आतून पोखरलेले तसेच सुटले. तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं की माणसाला दुसऱ्याशी ताडून बघायचं नाही, त्याच्या स्वतःशीच ताडायचं. ज्या काळात तो बरा होता, त्या काळातले त्याचे व्हिडिओ, आवाजी निरोप, झोपेच्या नोंदी यंत्राला द्यायच्या. त्यावरून ते त्याची स्वतःची रेष आखणार. तिचं नाव स्वरेषा. बरा काळ कोणता, हे आजारी माणसाला सांगता येत नाही, त्याला सगळाच काळ काळा दिसतो. म्हणून घरच्या दोन माणसांनी साक्ष द्यायची. विचार मोठा शहाणपणाचा होता, आणि त्याने शेकडो माणसं वाचली हेही खरं.

वृषाली पडद्याआड खाटेवर पडली होती, तेव्हा पडद्यापलीकडे तिच्या बऱ्या काळाची साक्ष चालू होती.

"आमची आई अंथरुणाला खिळलेली होती ना," सुरेखाताई सांगत होत्या, "ती पाच-सहा वर्षं धरा. काय शांत असायची वृषाली तेव्हा! आईचं सगळं हिने केलं हो, हगणंमुतणंसुद्धा. शाळेतून यायची, पदर खोचायची. कधी वरचा आवाज नाही, कधी कपाळाला आठी नाही. देवमाणूस."

"आणि तुम्ही, काका?" तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"ताई म्हणते तोच काळ," जयवंत म्हणाला. " घर अगदी शिस्तीत चाललं होतं."

त्या काळातले व्हिडिओही ढीगभर होते. बारशी, साठीशांती, सासूबाईंचा पंचाहत्तरीचा औक्षणाचा सोहळा. यंत्राने सगळं पचवून घेतलं आणि रेष आखली. दाणा बसला. पंधरवड्यात वृषाली उठली, तिने वेणी घातली, आमटीला फोडणी दिली. महिन्याभरात ती अगदी पूर्वीसारखी झाली.

पूर्वीसारखी म्हणजे कशी, हे तिला पोहायच्या तलावावर कळलं.

तलाव नगरपालिकेचा, वरून पांढरं छत, कारण उन्हाळे आता उघड्यावर सोसण्याजोगे राहिले नव्हते. बायकांची वेळ सकाळची, आणि ती वेळ रुबिना मुजावर चालवायची. रुबिना म्हणजे वृषालीची चौथीपासूनची मैत्रीण. साठी उलटून गेली तरी शिट्टी गळ्यात आणि जीभ तिखट.

"उतर की! काठावर बसून काय तलावाचा भूगोल शिकवणारेस?"

"जमेल का मला आता?"

"कृष्णेत पाठीला डबा बांधून कोण शिकलं? आमच्या भाईजानचा तेलाचा डबा पळवून नेला होतास तू. मार मी खाल्ला."

ती कृष्णा आता कुठे राहिली होती! काठाला सिमेंटची भिंत झाली, पाणी धरणातून पाळीने सुटतं, आणि सुटतं त्या दिवशी भोंगा वाजतो. वृषालीच्या लहानपणी घाटावर सकाळी धुण्याचे धपाटे वाजायचे, ओल्या लुगड्यांचे पट्टे दगडांवर वाळायचे, आणि पाण्यात पोरांचा इतका कालवा की आयांच्या हाका ऐकूच यायच्या नाहीत. त्या कालव्यात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असायचा, हे ती विसरून गेली होती.

ती पाण्यात उतरली. पाणी गार होतं. तिने श्वास धरला, बुडी मारली आणि डोळे उघडले. वरून छताचा उजेड हलत होता. पाय आपोआप हलले, हात आपोआप निघाले. मधोमध वर येऊन तिने तोंड उघडलं तर तोंडातून हसू आलं. ओळखीचं नसलेलं, मोठं, खिदळणारं. रुबिनाने काठावरून शिट्टी वाजवली. वृषालीने दोन्ही हातांनी पाणी उडवून तिला भिजवलं. छातीत काहीतरी सुटं झालं होतं. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बोलवावं, जयवंतला पाण्यात ढकलावं, ओरडावं असं तिला वाटलं. आणि त्याबरोबर हेही वाटलं, हे आहे ते. हे होतं माझ्याकडे.

मग कानामागे मुंगी चावल्यासारखं झालं.

काही क्षणच लागले. कुणी दुधाखालची आच कमी करावी तसं सगळं खाली बसलं. पाणी पाणी झालं, छत छत झालं. ती काठाला आली.

"काय गं? दम लागला?" रुबिनाने विचारलं.

"नाही. झालं तेवढं पुरे."

टॉवेल गुंडाळेपर्यंत जयवंतचा फोन आला. "वृषाली, काय झालं? रेष एकदम वर गेली, पिवळा झेंडा लागला. आता हिरवी आहे. उगाच धावपळ करू नकोस."

ती 'बरं' म्हणाली. पण घरी परतताना, बिनड्रायव्हरच्या एसटीत खिडकीशी बसून तिने ती घटना मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली. आनंद उरला नव्हता, पण तो होता याची आठवण शाबूत होती. यंत्राला आठवणीतलं काही करता येत नव्हतं.

दोन दिवसांनी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर शर्वरी थोरात नव्या होत्या, वृषालीच्या विद्यार्थिनींच्या मुली असतील त्या वयाच्या. त्यांनी तलावावरच्या सकाळची नोंद काढून पाहिली.

"यंत्राला वाटलं तुम्हाला उन्माद चढतोय," त्या म्हणाल्या. "काही माणसांचा आजार झोक्यासारखा असतो, काकू. कधी खोल खाली, कधी नको इतकं वर. झोप लागत नाही, पैसे उधळतात, आभाळाला हात लागल्यासारखं वाटतं. त्यांना वरूनही धरावं लागतं, म्हणून यंत्र दोन्हीकडून धरतं. पण तुमच्या घराण्यात तसं कुणी नाही, तुमच्या नोंदीतही नाही. तुम्ही नुसत्या खूश होतात."

"मग मला खाली का आणलं?"

रेष आखायला वापरलेले जुने व्हिडिओ डॉक्टरांनी लावले. पडद्यावर पंचेचाळिशीतली वृषाली ताटं वाढत होती.

"काकू, या दिवसांत तुम्हाला कसं वाटायचं?"

"कसं म्हणजे... नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

वृषालीने हा प्रश्न स्वतःला कधी घातला नव्हता. ती हळूहळू आठवून सांगायला लागली. सकाळी उठताना अंगात दगड असायचे. ते सगळ्यांच्याच असतात असं वाटायचं. काम व्हायचं सगळं, पण एखादी गोष्ट व्हावी म्हणून मन धावलंय असं नाही. कुणी चांगलं म्हटलं तर वाटायचं, यांना माझं खरं माहीत नाही. साडी घ्यायला गेलं तर कुठली घ्यावी ठरायचं नाही, दुसरीने निवडली तीच घ्यायची. रडू नाही. दुःखही नाही, म्हणजे नाव घेण्यासारखं नाही.

"कधीपासून?"

"तेराव्या वर्षापासून असेल. कुणी गेलं नव्हतं, काही झालं नव्हतं. एका उन्हाळ्यात नदीवर जावंसं वाटेना. आई शेजारणींना सांगायची, पोरगी शहाणी झाली आमची."

डॉक्टरांनी व्हिडिओ बंद केला. "मी समजावून सांगते. कुणी गेलं की माणूस दुःखी होतो, ते लाटांनी येतं. मधल्या वेळात तो चहा पितो, गेलेल्याच्या आठवणीने हसतोसुद्धा. तो आजार नव्हे. रक्तात थायरॉइड कमी पडलं की असाच थकवा येतो. ते आम्ही तपासलं, तुमचं नीट आहे. मागच्या थंडीत तुम्हाला झालं ते तीव्र नैराश्य. तो खड्डा असतो, काल चालत होतात आणि आज पडलात, सगळ्यांना दिसतो. पण आणखी एक जात आहे. ती खड्डा पाडत नाही. हाडीताप असतो ना, अंगात मुरलेला, काम करू देतो, हिंडू देतो, पण उतरत नाही? तसं. वर्षानुवर्षं. लहानपणी लागला तर माणसाला वाटतं, हीच आपल्या अंगाची ऊब. घरच्यांना वाटतं, हा स्वभाव."

वृषाली बंद झालेल्या पडद्याकडे बघत राहिली.

"तुम्ही त्या तापातच होतात. मागच्या थंडीत त्यातून आणखी खाली पडलात. समतोलकाने तुम्हाला खड्ड्यातून काढलं, त्याचं काम त्याने चोख केलं. पण काढून ठेवलं कुठे, तर तुमच्या साक्षीदारांनी दाखवलेल्या जागेवर. त्यांनी दाखवला तो ताप होता."

"मग रेष बदला."

"नवी रेष आखायला तुमचा बरा काळ लागतो. तुमच्या तेराव्या वर्षाआधीचं काही रेकॉर्डिंग आहे?"

वृषालीला हसू यायला हवं होतं. त्या काळी त्यांच्या आळीत एकाच घरी फोन होता, तोही वेटोळ्याच्या वायरीचा. रेकॉर्डिंग!

"मग एकच मार्ग. यंत्र टप्प्याटप्प्याने बंद करायचं आणि जुन्या पद्धतीने, गोळ्या आणि बोलणं, तो ताप उतरवायचा. उतरतो. पण त्याला काळ लागतो, आणि मधल्या काळात तुम्ही पुन्हा त्या खड्ड्यात जाल अशी दाट शक्यता आहे. मी खोटं सांगणार नाही, त्या खड्ड्यातून सगळे परत येत नाहीत. यंत्र बंद करा असं तुम्ही म्हणू शकता. किंवा दोघांतल्या एका साक्षीदाराने साक्ष मागे घेतली, तर रेषच बाद होते आणि यंत्र बंद करावंच लागतं. ठरवा. घाई नाही."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा सुरेखाताई पोळ्यांचा डबा घेऊन आलेल्या होत्या. त्या डबा हातात धरूनच खुर्चीत बसल्या.

"म्हणजे चाळीस वर्षं तू आमच्या घरात आजारीच होतीस म्हणायचं? आणि आम्ही काय आंधळे होतो?"

"तसं नाही ताई."

"तसंच आहे! कालची पोर डॉक्टर, ती सांगणार आमच्या घरात काय चाललं होतं ते. अगं, आमच्या आईने मरताना तुझा हात धरला होता, माझा नाही. तो पण आजारच का?"

सुरेखाताईंच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

जयवंत इतका वेळ फोन उलटासुलटा करत होता. "मला एवढंच कळतं," तो म्हणाला, "की मागच्या थंडीत तू काय म्हणाली होतीस ते मी ऐकलंय. पुन्हा ऐकायचं नाही मला. आत्ता तू जेवतेस, झोपतेस, बोलतेस. तू जशी होतीस तशी मला पुरेशी होतीस, वृषाली."

"मला नव्हते," ती म्हणाली.

आवाज इतका चढला की तिचा तिलाच परका वाटला. तिने टेबलावर हात आपटला, पाण्याचं भांडं गडगडत खाली गेलं. "तुम्हाला पुरेशी! घरात कुणी ओरडत नाही, कुणी काही मागत नाही, म्हणून पुरेशी. माझी कुणाला फिकीर होती? एकदा तरी विचारलंत, तुला काय हवंय? माझ्या दुखण्यावर सगळ्यांनी मिळून संसार मांडलात, आणि त्यालाच बरा काळ म्हणून साक्ष दिलीत! चाळीस वर्षं मी..."

जयवंतच्या हातातला फोन थरथरला. पिवळा झेंडा.

"चाळीस वर्षं मी..." वृषाली म्हणाली. कानामागे मुंगी चावली. तिचा हात टेबलावरून खाली आला. ती भांड्याकडे बघायला लागली. "पाणी सांडलं. जाऊ दे ते. चहा टाकू का तुम्हाला?"

ती फडकं आणायला आत गेली. फरशी पुसताना तिने वर पाहिलं तर जयवंत तिच्याकडे बघत नव्हता. हातातल्या फोनकडे बघत होता. रेष हिरवी झाली होती, आणि त्याच्या तोंडावर ते रोजचं समाधान उमटलं नव्हतं.

"ताई, तू घरी जा," तो म्हणाला.

नंतरचे काही दिवस तो दुपारी खोलीचं दार लोटून जुने व्हिडिओ लावायचा. वृषाली भाजी निवडत बाहेर बसायची, तिला नुसता आवाज यायचा. बारशातला पाळणा, कुणाची तरी टाळ्यांची साथ, आणि मग तिचाच आवाज, "हो, आणते." दुसरा व्हिडिओ. भांड्यांचा खणखणाट, सासूबाईंचं खोकणं, "हो, आणते." तिसरा. माणसं हसताहेत, कुणीतरी उखाणा घेतंय, आणि मागून, लांबून, "हो, आणते." तो पुढे सरकवायचा, थांबवायचा, मागे घ्यायचा. काय शोधतोय हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. एका दुपारी तो बाहेर आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू लहानपणी फार मस्ती करायचीस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तलावावर गेलो होतो. रुबिनाकडे."

"ती काहीही सांगते," वृषाली म्हणाली. तिने गवारीच्या शिरा काढून टाकल्या.

तोच म्हणाला, दवाखान्यात जाऊ. तीही उठली, पातळ बदललं, निघाली.

डॉक्टर थोरातांनी तिला समोर बसवलं. "काकू, मागच्या वेळी तुम्ही रेष बदला म्हणाला होतात. यंत्र बंद करायचं का? तुमच्या तोंडून मला ऐकायचंय."

वृषालीने प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. तलावावरची सकाळ तिला आठवत होती. टेबलावर हात आपटल्याचंही आठवत होतं. पण शेजारणीच्या घरातली बातमी आठवावी तसं. एवढी मोठी उस्तवार, गोळ्या, पुन्हा अंथरूण, यांना त्रास, ताईंना त्रास. कशासाठी?

"असू दे," ती म्हणाली. "चाललंय की."

"नक्की?"

"हो. ठीक आहे सगळं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखर तेवढंच वाटत होतं.

डॉक्टरांनी जयवंतकडे पाहिलं आणि नाइलाजाने हात पसरले. "पेशंट नको म्हणतेय, काका."

"ती म्हणत नाहीये. पण ते असू द्या," जयवंत म्हणाला. "मी माझी साक्ष मागे घेतो."

"अहो!" वृषालीने त्याची बाही ओढली. "कशाला उगाच?"

डॉक्टर पुढे वाकल्या. "काका, नीट ऐका. त्या पुन्हा खोल जाऊ शकतात. मागची थंडी तुम्ही पाहिलीय. पुढे काही झालं, तर हा निर्णय तुमचा असेल. त्यांचा नव्हे, माझाही नव्हे."

"पाहिलीय."

"मग कारण सांगा. मला नोंदवावं लागतं."

जयवंतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "मी सांगितला तो काळ बरा नव्हता," तो म्हणाला. "तो मला बरा होता."

वृषालीला त्याची काळजी वाटली, थोडीशी. त्याचं डोकं दुखत असेल, घरी गेल्यावर चहा करून द्यावा, असं तिच्या मनात आलं.

यंत्र टप्प्याटप्प्याने उतरवलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. आधी झोप गेली, मग चव गेली, मग घर हळूहळू दूर जायला लागलं. वृषाली पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली. या खेपेला तिला माहीत होतं की हा खड्डा आहे आणि त्याला नाव आहे, पण नावाने पडणं काही थांबलं नाही. जयवंतने घरातल्या सगळ्या औषधांना कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. तिला एकटं ठेवायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता. सुरेखाताई रागावलेल्याच होत्या, तरी वळकटी घेऊन राहायला आल्या. भावाशी त्या बोलत नव्हत्या. "मारतोयस तू तिला," एवढंच एकदा म्हणाल्या, तेही पोळी लाटता लाटता, त्याच्याकडे न बघता. त्याने ऐकून घेतलं. तो वाळला होता. दाढी वाढली होती. दर आठवड्याला तिला उठवून, धरून तो दवाखान्यात न्यायचा. ती डॉक्टरांसमोर खाली मान घालून बसायची, दोन शब्द बोलायची, कधी तेही नाही. डॉक्टर गोळी बदलायच्या, वाट बघायच्या. जयवंत वाट बघायचा. वाट बघण्याचं कुठलंही यंत्र त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

असा पावसाळा गेला.

एका सकाळी त्याने तिला मऊ भात भरवायला घेतला. रोजच्यासारखा घास पुढे केला. वृषालीने त्याचा हात ढकलला. ताटली पलंगावरून खाली पडली.

"का केलंत तुम्ही हे?" ती म्हणाली.

त्याने वाकून ताटली उचलली.

"मी नको म्हणत होते ना? तुमच्यासमोर म्हटलं होतं, असू दे. सांगितलं होतं की नाही? कुणी अधिकार दिला तुम्हाला?" ती उठून बसली होती. केस सुटे, डोळे लाल, आवाज फाटलेला. "चांगली चालत होते, फिरत होते. मला या नरकात ढकललंत. आणि त्याच्या आधी चाळीस वर्षं तोंड शिवून बसलात! कधी डोळे उघडले नाहीत आणि उघडले ते आत्ता? मेले असते तर? तुमचं काय गेलं असतं?"

सुरेखाताई पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. जयवंतने सवयीने फोन काढला होता. पडद्यावर रेष नव्हती. जुन्या जागेवर नुसतं कोरं होतं. तो फोन हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

वृषालीही बोलता बोलता थांबली. कानामागे मुंगी चावेल म्हणून थांबली. मान ताठ करून, श्वास धरून तिने वाट पाहिली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं. काही झालं नाही.

"बोल," जयवंत म्हणाला. "बोल की गं."

ती बोलली. सासूबाईंच्या अंथरुणाबद्दल बोलली, दुसऱ्यांनी निवडलेल्या साड्यांबद्दल बोलली, मूल नाही म्हणून ऐकलेल्या बोलांबद्दल बोलली, आणि त्यातले दोन बोल सुरेखाताईंचे होते तेही त्यांच्या तोंडावर सांगितलं. सुरेखाताई म्हणाल्या, "हो, बोलले होते मी," आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. वृषाली रडली, ओरडली, पुन्हा रडली. तिला बरं वाटत नव्हतं. छाती दुखत होती, घसा बसला होता, खड्डा होता तिथेच होता. दुपारी जयवंतने पुन्हा भात आणला तेव्हा तिने त्याच्याकडे बघायचं नाकारलं आणि रागारागाने चार घास खाल्ले. मग ती भिंतीकडे वळली नाही. छताकडे बघत, ओठ चावत पडून राहिली, आणि मधूनच एखादं राहिलेलं वाक्य त्याला ऐकवत राहिली.

दिवेलागण झाली तरी तिचा राग गेला नव्हता.